सुताच्या मापाचं इंजिन: अँबेसेडर मार्क ३ च्या नट-बोल्टच्या नोंदी

८ जून २०२४

आज इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, उतरवलं. गाडी १९७७ ची, अँबेसेडर मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसी. हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जात होतं. प्रत्येक वेळी गॅस्केट बदलून, हेडला फेसिंग मारून, म्हणजे मशीनवर त्याचा तळ सपाट करून, गाडी परत मिळायची आणि काही महिन्यांत रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागायचे. हेड सरळ आहे, ब्लॉकचा माथाही सरळ आहे. पोलादी पट्टी आणि फीलर गेज लावून दोन्ही तपासले. मग राहतात ते हेड दाबून धरणारे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले, बिनडोक्याचे बोल्ट) आणि नट. ते आजवर कुणी पाहिलेच नाहीत.

जे निघालं ते पाहून वाईट वाटलं. हेडचे अकरा स्टड आहेत, त्यातले तीन बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचे. काही नट बरोबर, काहींचे कोपरे पाइप पान्याने खाल्लेले. थर्मोस्टॅटच्या टोपणावर मिलिमीटरच्या मापाचा एक नट जोर लावून चढवलेला. संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, बोल्टांत निम्मे आखूड आणि दोघांखाली वायसरच नाही. जवळजवळ पन्नास वर्षांत गाडी ज्या ज्या गॅरेजमधून गेली, तिथे त्या दिवशी डब्यात जे सापडलं ते तिला लागलं.

पुठ्ठ्यावर इंजिनाचा आराखडा काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवतोय. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातून कुठला बोल्ट किती लांब आणि कुठे होता हे कायमचं हाती राहतं. पिशवीत एकत्र टाकलेल्या बोल्टांवरून नंतर काहीही सिद्ध होत नाही.

मिस्त्री म्हणाले, "सर, कशाला डोक्याला ताप? सगळं आठ आणि दहा एमएमला करून टाकू या की. टॅप मारला की झालं." टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. मिस्त्रींचा हात चांगला आहे आणि त्यांचा सल्ला वेळ वाचवणारा आहे, हेही खरं. तरी या कामात एक गोष्ट मी सुरुवातीलाच ठरवली आहे. इंजिनाचे आटे बदलायचे नाहीत. ज्या भोकात जो आटा कारखान्याने पाडला, त्याच आट्याचा बोल्ट शोधायचा. पाच सोळांश इंचाचं भोक एकदा एम ८, म्हणजे आठ मिलिमीटरचं, केलं की ते परत येत नाही. आणि पुढचा माणूस गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक उघडून बरोबर बोल्ट आणेल, तेव्हा तो बसणार नाही.

१० जून

मोजमाप. जुन्या फिटर लोकांचा हिशेब सुताचा: इंचाचे आठ सूत. म्हणजे पाव इंच दोन सूत, पाच सोळांश अडीच सूत, तीन अष्टमांश तीन सूत, अर्धा इंच चार सूत. या इंजिनाचं जवळजवळ सगळं काम दोन, अडीच आणि तीन सुतात भागतं. पाने मात्र नटाच्या सपाट बाजूंच्या मापाचे: दोन सुतीला ७/१६, अडीच सुतीला १/२, तीन सुतीला ९/१६.

जाडी कळली म्हणजे अर्धंच काम झालं. खरा प्रश्न आट्याचा. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात "तीन सुती बोल्ट द्या" म्हटलं की व्हिटवर्थ मिळतो. तो जाड आट्याचा, इंचात १६ आटे, ५५ अंशांचा. शेड, गेट, पंपाचं फाउंडेशन यासाठी तो चालतो. माझ्या नटांना लागतो तो यूएनएफ, म्हणजे बारीक आटा, ६० अंशांचा: तीन सुतीला इंचात २४, अडीच सुतीलाही २४, दोन सुतीला २८. जाड यूएनसी वेगळाच, तीन सुतीला १६ आणि अडीच सुतीला १८. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांत बीएसएफ असतो, तीन सुतीला २०.

आज एक बोल्ट बराच वेळ हातात धरून बसलो. व्हर्नियरवर जाडी ७.८ मिमी. हा अडीच सुती की एम ८? कागदावर पाच सोळांश म्हणजे ७.९४ मिमी आणि एम ८ म्हणजे ८.००. पण आट्याच्या माथ्यावर मोजलं की दोघेही थोडे कमीच भरतात. मुभेत बसणारा अडीच सुती ७.७३ ते ७.९१ पर्यंत असू शकतो आणि एम ८ ७.७६ ते ७.९७ पर्यंत. मग ७.८ दोघांनाही लागू. व्हर्नियर इथे निकाल देऊच शकत नाही. निकाल लागतो आट्याच्या गेजने. एम ८ चा आटा १.२५ मिमीचा, २४ चा आटा १.०६ मिमीच्या आसपास. गेजची पात बोल्टवर ठेवून खिडकीकडे धरली की बरोबर पातीखालून उजेड येत नाही. चुकीची पात पहिल्या दोन-तीन दातांना बसल्यासारखी वाटते आणि पुढे वर चढते.

नटाचंही नेमकं हेच होतं. एम ८ चा नट अडीच सुती बारीक स्टडवर दोन-तीन आटे हाताने चढतो, मग अडकतो. माणसाला वाटतं गंज आहे, पाना लावतो, नट "बसतो". त्या क्षणी स्टडचे आटे गेलेले असतात. थर्मोस्टॅटच्या टोपणावर हेच झालं आहे.

१५ जून

थर्मोस्टॅटचं टोपण. ॲल्युमिनियमचं टोपण, पोलादी स्टड, बिडाचं हेड, आणि मध्ये वर्षानुवर्षं कूलंट न घातलेलं नळाचं पाणी. टोपणाच्या भोकात पांढरी भुकटी घट्ट बसली होती. ही ॲल्युमिनियम सडून झालेली. भुकटी फुगते आणि स्टडला चारी बाजूंनी आवळते. नट काढूनही टोपण हलेना.

आम्ही टोपण वाचवायचा हट्ट धरला नाही. टोपण नवं मिळतं, हेड सहज मिळत नाही. टोपण कापून काढलं आणि तिन्ही स्टड मोकळे उभे राहिले. पहिला स्टड त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून उलटा फिरवताना निघाला. दुसरा मूळापाशी तुटला. तुटला तेव्हा आवाजही झाला नाही, नुसता पाना हलका झाला.

मिस्त्रींनी मग जे केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. तुटलेल्या बुंध्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका आतल्या बुंध्यावर भरला. बिडाला वेल्डिंगचा टाका सहज धरत नाही, पोलादाला धरतो, म्हणून आजूबाजूच्या हेडला धोका कमी. नट लाल झाला तसा ते थांबले. लाली उतरली, पण हात लावण्याइतकं गार नव्हतं, तेव्हा मेणबत्ती बुंध्याशी टेकवली. मेण पाण्यासारखं वितळून आट्यांत ओढलं गेलं, थोडा धूर निघाला. मग पाना. आधी घट्ट करायच्या दिशेला अगदी केसभर, मग उलटा. पुन्हा घट्ट, पुन्हा उलटा. प्रत्येक फेरीला थोडा जास्त सुटत गेला आणि शेवटी तपकिरी भुकटीसकट संपूर्ण बुंधा बाहेर आला. भोकातले आटे शाबूत.

ड्रिल घालून ईझी-आउट (तुटका बोल्ट आतून पकडून काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) मारण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी बरी वाटते. ईझी-आउट आत तुटलं तर त्यावर साधं ड्रिल चालत नाही. ते इतकं कडक असतं.

१९ जून

पाऊस. गॅरेज बंद. वाचनात गेलेला दिवस.

भारताने मेट्रिक मापांचा कायदा केला १९५६ साली. त्याच सुमारास हिंदुस्थान मोटर्सच्या बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ या ब्रिटिश गाडीची आपली आवृत्ती तयार होत होती, तीच अँबेसेडर. १९५९ मध्ये तिला बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) चं बी-सीरीज इंजिन मिळालं. देश मिलिमीटरवर गेला, इंजिन सुतावर राहिलं. नव्वदच्या दशकात इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं. ते मिलिमीटरचं. म्हणून "अँबेसेडरचा बोल्ट द्या" म्हणून काही उपयोग नसतो. कुठलं इंजिन, हे आधी सांगावं लागतं. मुंबईच्या टॅक्सीवाल्या फियाटचं इंजिन इटालियन घराण्याचं, त्यामुळे ते पहिल्यापासून मिलिमीटरचं. मुंबईच्या जुन्या मेकॅनिककडे दोन्ही पान्यांचे संच का असायचे ते यावरून कळतं.

आणि यूएनएफ हे काही ब्रिटिशांचं जुनं माप नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश बोल्ट एकमेकांना बसत नव्हते. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन बनवलं, तेही ब्रिटिश आटे जसेच्या तसे ठेवून. या त्रासातून नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. यूएनएफ आणि यूएनसी म्हणजे तोच. माझ्या शोधाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण हा आटा अमेरिकेत आजही रोजच्या वापरात आहे आणि त्यामुळे जगात कुठे ना कुठे रोज तयार होतो.

२२ जून

कोल्हापुरातल्या हार्डवेअरच्या दुकानांत फिरलो. व्हिटवर्थ पोतंभर, मेट्रिक पोतंभर, यूएनएफ म्हटलं की मान हलते. एका ठिकाणी मालकांनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे ट्रॅक्टरवाल्याकडं बघा."

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून इथे ठळकपणे लिहितो. जुन्या घराण्याच्या ट्रॅक्टरांत यूएनएफ आणि यूएनसी आटे भरलेले आहेत. मॅसी फर्ग्युसनचे टाफे ट्रॅक्टर आणि महिंद्राचा जुना बी-२७५ या दोन्ही घराण्यांचं मूळ ब्रिटिश आराखड्यात आहे. ऊसपट्ट्यात हे ट्रॅक्टर अजून चालतात, म्हणजे त्यांचे बोल्टही विकले जातात. ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात "तीन सुती बारीक आटा, दीड इंची, हायटेन्साइल" (म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा) म्हटल्याबरोबर काउंटरवरच्या पोराने न विचारता खोका काढला. संपचे दोन सुती, टायमिंग कव्हरचे, अडीच सुतीतले बरेचसे बोल्ट आणि नट इथेच झाले.

पुठ्ठा सोबत नेला होता. दुकानदाराच्या डोळ्यासमोर जुना बोल्ट ठेवला की बोलणं निम्म्यावर येतं. आणि आणलेला प्रत्येक नट मी तिथेच चांगल्या स्टडवर हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहिला. जो हाताने फिरत नाही तो घ्यायचा नाही.

२७ जून

बोल्टच्या डोक्यावर काय लिहिलं आहे ते वाचायला शिकलं पाहिजे. इंची बोल्टच्या डोक्यावर मध्यापासून निघणाऱ्या तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. मेट्रिकवर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन, आणि दुसरा म्हणजे त्याच्या किती हिश्शाला बोल्ट कायमचा ताणला जातो. ८.८ म्हणजे ८०० आणि ६४०. ग्रेड ५ साधारण याच पातळीचा, ग्रेड ८ साधारण १०.९ च्या.

डोक्यावर काहीच नसेल तर तो बोल्ट साधा धरायचा, दुकानदार काहीही म्हणो. चकाकीवर जाऊ नये. पिवळसर सोनेरी प्लेटिंगचा बोल्ट लोकांना भारी वाटतो, पण तो रंग गंजापासून बचावाचा आहे, ताकदीचा नाही.

स्टेनलेसचंही तेच. गंजत नाहीत म्हणून बरेच जण सगळ्या इंजिनाला स्टेनलेस लावतात. नेहमी मिळणारा स्टेनलेस ए२-७० प्रकारचा, तो ४५० च्या आसपासच कायमचा ताणला जातो, म्हणजे ८.८ पेक्षा बराच कमी. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. रॉकर कव्हर, पेट्रोल पाइपच्या पट्ट्या अशा किरकोळ जागी लावा. हेड, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील इथे नको. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तर कुठल्याच हार्डवेअरच्या दुकानातून घ्यायचे नाहीत. ते इंजिनच्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडूनच, त्याच इंजिनाचे.

३ जुलै

मुंबई. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटी, तिथून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत नागदेवी स्ट्रीट. बेअरिंग, टॅप, डाय, पाने, साखळ्या, बोल्ट. एकेका गाळ्यात एकच जिन्नस, पण त्या जिन्नसाचं सगळं घराणं. कोल्हापुरात जे मागताना चार वाक्यं बोलावी लागतात, ते इथे दोन शब्दांत कळतं. "पाच सोळा यूएनएफ नायलॉक?" "किती लांब?"

बऱ्याच गाळ्यांत माल पेटीने किंवा किलोने, सुटा नाही. तरी आतल्या बाजूचे लहान गाळे नगावर देतात. इथून काय घेतलं: तीन सुती बारीक आट्याचे हायटेन्साइल नट, बंद पाकिटातले, त्यावर कारखान्याचा शिक्का असलेले. अडीच सुती पितळी नट सायलेन्सरच्या बाजूसाठी. कडक केलेले सपाट वायसर. पाच सोळांश आणि तीन अष्टमांश यूएनएफचे टॅप, तिन्ही नगांचा संच, कारण तळ असलेल्या भोकात शेवटचा सपाट तोंडाचा टॅपच खालपर्यंत आटा साफ करतो.

सुटा बोल्ट घेताना मी एकच आग्रह धरतो. कारखान्याचं चिन्ह डोक्यावर हवं. ग्रेडच्या रेघा कुणीही पाडू शकतो. कारखान्याचं चिन्ह आणि ग्रेड दोन्ही असतील तर निदान कुणीतरी नाव लावून जबाबदारी घेतली आहे.

हेडचे स्टड मात्र इथेही नाहीत.

७ जुलै

हेडच्या स्टडवर आजचा सगळा दिवस. या इंजिनाचा आजार इथेच सापडला.

ते वेगळ्या रंगाचे तीन स्टड. प्रत्येकावर नवा तीन सुती नट हाताने फिरवला. वरचे काही आटे मोकळा गेला, मग मध्येच घट्ट झाला, पुढे पुन्हा मोकळा. गेजची पात त्या घट्ट जागेवर ठेवली तर पातीच्या एका टोकाला उजेड दिसतो. म्हणजे तिथे आट्यांचं अंतर वाढलं आहे, स्टड कायमचा ताणला गेला आहे. व्हर्नियरने आट्याच्या खालचा भागही थोडा बारीक निघाला. त्या जागी कानसही लोण्यासारखी चालते. शेजारच्या मूळच्या स्टडवर तीच कानस घसरते. हे तीन स्टड कुणीतरी साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) सळईतून फिरवून घेतले होते.

ते का टिकणार नाहीत याचा हिशेब मांडतो. मी धरलेला टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा पिळाचा जोर, ४० फूट-पाउंड, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. कोरड्या आट्यांना नेहमी वापरतात तो घर्षणाचा गुणक ०.२ घेतला, तर स्टडमधला ताण = ५४ भागिले (०.२ × ०.००९५२५ मीटर) = सुमारे २८,००० न्यूटन. एकेका स्टडवर जवळजवळ तीन टन. तीन सुती बारीक आट्याचं ताण घेणारं क्षेत्र ५६.६ चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण ५०० न्यूटन. साधी एमएस सळई अडीचशेच्या आसपासच ताणली जाते. ग्रेड ५ चं पोलाद ५८६ पर्यंत ताणून सोडलं तरी मूळ लांबीवर परत येतं.

साध्या स्टडवर टॉर्क पाना टकटक करतो, काम झालं असं वाटतं, पण प्रत्यक्षात स्टड गुळासारखा ताणत गेलेला असतो. इंजिन तापतं, गार होतं, आणि त्या तीन स्टडखालचं गॅस्केट सैल पडतं. गॅस्केट बदलून हे कधीच सुटलं नसतं.

तिघांचीच बदली करावी की अकराही? मी अकराही बदलतोय. मूळचे आठ चांगले दिसतात, पण त्यांनी किती वेळा आवळणं-सोडणं सोसलं आहे हे कळायला मार्ग नाही. आणि सगळे स्टड एकसारखे ताणले जाणं हेच हेडच्या घट्टपणाचं मर्म आहे.

१० जुलै

स्टड कुठून आणायचे. कलकत्त्याच्या मल्लिक बाजारातल्या एका विक्रेत्याशी फोनवर बोललो. स्टड आहेत म्हणाले, पण डोक्यावर-टोकावर काही खूण आहे का याला उत्तर मिळालं नाही. फोटोत आटे लेथवर कापलेले दिसत होते. सोडून दिलं.

दुसरी वाट ब्रिटनची. बी-सीरीज हे इंजिन फक्त अँबेसेडरचं नाही. एमजीए या स्पोर्ट्स गाडीची पहिली आवृत्ती याच १४८९ सीसीवर धावली, पुढे एमजीबीला याच घराण्याचं मोठं इंजिन मिळालं. या गाड्यांवर जीव लावणारे लोक तिकडे भरपूर आहेत, त्यामुळे स्टड आजही नव्याने, चांगल्या पोलादाचे बनतात. मी नावावर विसंबलो नाही. माझ्या मूळ स्टडची पूर्ण लांबी, ब्लॉककडच्या आट्याची लांबी आणि आटा, नटाकडच्या आट्याची लांबी, असं प्रत्येक स्टडचं चित्र काढून पाठवलं. रॉकरच्या खांबांतून जाणारे चार स्टड बाकीच्यांपेक्षा लांब असतात, तेही वेगळे दाखवले. विक्रेत्याने त्याच्याकडच्या स्टडची मापं मोजून परत पाठवली. जुळली, तेव्हाच ऑर्डर दिली.

महाग पडले. कस्टम ड्यूटी आणि टपाल धरून आणखी महाग. तरी एका हेडच्या फेसिंगपेक्षा आणि आजवरच्या गॅस्केटांपेक्षा स्वस्त.

१६ जुलै

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या लेथवर. मॅनिफोल्डचे आणि थर्मोस्टॅटचे अडीच सुती स्टड इथेच करून घेतोय. हेडचे स्टड लेथवर करायचे नाहीत, मग हे का चालतात? कारण इथे ताण कमी आहे आणि पोलाद आपण निवडतो. ईएन-२४ या मिश्र पोलादाची, कडक करून आलेली सळई घेतली. कारखान्यात आटा रोलरने दाबून बनतो, त्यामुळे पोलादाचे तंतू आट्याच्या वळणाने वळतात आणि तो थकून सहज तुटत नाही. लेथवर कापलेल्या आट्यात ते तंतू तुटतात. म्हणून सतत ताण-सोड सोसणाऱ्या जागी कापलेला आटा मी टाळतो.

मामांचा लेथ जुना, इंची लीड स्क्रूचा (हत्यार सरकवणारा आट्याचा दांडा). २४ चा आटा कापायला त्यांना गिअर बदलून दांडा इकडून तिकडे करण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. मिलिमीटरच्या लेथवर हाच आटा काटेकोर कापायचा तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ गुणिले पाच म्हणजे १२७. तो गिअर नसेल तर आटा "जवळपास" निघतो. लहान नटाला जवळपास चालून जातो, लांब आट्याला नाही.

आटा कापून झाल्यावर मामांनी स्टड लेथमधून काढायच्या आधीच माझ्याकडे हात पुढे केला. "नट दे." नवा नट स्टडवर फिरवून पाहिला, थोडा घट्ट लागला, हत्यार आणखी केसभर आत घेतलं, एक पाळी मारली, पुन्हा नट. आता तो बोटांनी शेवटपर्यंत गेला आणि तिथे हलवून पाहिला तर डुगडुगला नाही. एकदा स्टड काढला की परत त्याच जागी त्याच आट्यात हत्यार धरणं अवघड असतं. म्हणून मोजणी मशीनवरच. गेजपेक्षा ज्या नटाला तो बसणार तोच नट वापरायचा, हे मामांचं म्हणणं मला पटतं.

मॅनिफोल्डचे जाड वायसरही तिथेच फिरवून घेतले. या इंजिनात पेट्रोलची आणि धुराची अशी दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला शेजारी बसतात आणि एकच जाड वायसर दोघांच्याही कानांवर अर्धा-अर्धा टेकतो. दोन्ही कानांची जाडी सारखी नसेल तर वायसर तिरका बसतो, एक बाजू दाबते आणि दुसऱ्या बाजूने हवा ओढली जाते. गाडी फटफटते आणि लोक कार्बोरेटर उघडतात. कान मोजले, थोडा फरक निघाला, मॅनिफोल्डच एकत्र बांधून फेसिंग करून घेतलं. इथे पातळ बाजारी वायसर लावला तर तो बशीसारखा वाकतो.

२० जुलै

प्लेटिंग. लेथवर केलेल्या स्टडना ब्लॅकोडायझिंग, म्हणजे गंज रोखणारा काळा थर, करून घेतलं, वर तेल. झिंक प्लेटिंग नाही केलं. ॲसिडच्या आणि प्लेटिंगच्या हौदात हायड्रोजन पोलादात शिरतो. जास्त कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हातही न लावता, बोल्ट तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत २०० अंशांच्या आसपास काही तास ठेवलं तर हायड्रोजन निघून जातो. पण लहान प्लेटिंगवाला ते करतोच असं नाही, आणि केलं की नाही हे आपल्याला बघून कळत नाही. १०.९ आणि त्यावरच्या बोल्टला म्हणूनच मी परत प्लेटिंग करून घेत नाही.

२ ऑगस्ट

ब्रिटनहून स्टड आले. आटे रोल केलेले, नटाकडचे टोक गोलसर. सगळे चित्राशी ताडून पाहिले.

४ ऑगस्ट

बसवणी. आधी ब्लॉकमधली भोकं. सपाट तोंडाचा टॅप हाताने, वजन न देता, फक्त मळ काढण्यापुरता. मग पेट्रोल, मग हवा, मग कापडाची वात घालून तळ कोरडा. भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड आत जाताना त्याला निघायला जागा नसते आणि बिडाचा ब्लॉक तडकू शकतो.

स्टड हाताने तळापर्यंत, मग किंचित मागे. आत आवळायचे नाहीत. स्टडचं काम वर ताणलं जाण्याचं आहे, तळाला टेकून ब्लॉक फाडण्याचं नाही.

नटाचे आटे आणि नटाखालचा वायसर यांना इंजिन ऑइलचा पुसट हात. तेल लावलं की त्याच टॉर्कला ताण वाढतो. कोरड्या हिशेबातले ५०० न्यूटन तेलाने साडेसहाशेच्या पुढे जाऊ शकतात. त्यामुळे पुस्तक तेल लावून म्हणतं की कोरडं, हे पाहूनच आकडा घ्यायचा, आणि सगळ्या नटांना एकसारखं करायचं. एक तेलकट आणि एक कोरडा हे सगळ्यात वाईट. नवे स्टड या ताणाला पुरून उरणारे आहेत, ही त्यातली निश्चिंती.

मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत. शेवटच्या टप्प्याला अकराही नट पान्याखाली सारखेच वागले: आधी सरळ चढता जोर, मग टक. एकही नट रेंगाळत पुढे सरकला नाही. हेड उतरवण्याआधी तीन नट सरकत होते.

११ ऑगस्ट

इंजिन गाडीत. चालू केलं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवलं, बंद करून रात्रभर गार होऊ दिलं. सकाळी रॉकर कव्हर काढून पुन्हा टॉर्क. नवं गॅस्केट थोडं दबलं होतं, नट किंचित फिरले. हेड दबलं की टॅपेटची (व्हॉल्व आणि रॉकरमधली) फट बदलते, म्हणून लगेच टॅपेट नव्याने लावले. हे राहून गेलं तर व्हॉल्व जळायला वेळ लागत नाही.

रेडिएटरचं टोपण उघडं ठेवून इंजिन फिरवलं. पाणी स्थिर. बुडबुडा नाही.

१८ ऑगस्ट

गाडी पन्हाळ्याचा घाट चढून आली. पाण्याची पातळी जिथे होती तिथेच.

उरलेले बोल्ट डब्यांत लावले. प्रत्येक डब्यावर सूत, आटे, लांबी आणि ग्रेड लिहिला. मिलिमीटरचा एकही बोल्ट या कप्प्यात ठेवायचा नाही. बाकी आहेत बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचे, तीन सुती बोल्ट. दोघांची लांबी पुस्तकाशी जुळत नाही, त्यासाठी ट्रॅक्टरवाल्यांकडे सांगून ठेवलं आहे. डायनॅमोच्या खालच्या पट्टीचा बोल्ट सध्या जुनाच आहे. त्याच्या डोक्यावर तीन रेघा आहेत आणि आटे चांगले आहेत, तेव्हा तो राहील.